आत्मन् (संस्कृत शब्द व संकल्पना)

आत्मन् (प्रथमा एकवचन : आत्मा) हा संस्कृत भाषेतील नकारान्त पुल्लिंगी शब्द आहे. मराठीसह बहुतेक भारतीय भाषांत तो 'आत्मा' या प्रथमान्त रूपाने रूढ झाला आहे. देहाहून वेगळे, जाणणारे व टिकून राहणारे तत्त्व हा त्याचा तात्त्विक अर्थ सर्वपरिचित आहे. परंतु संस्कृतात हाच शब्द 'स्वतः' या अर्थाचे आत्मवाचक सर्वनाम म्हणूनही वापरला जातो, आणि जुन्या वाङ्मयात श्वास, शरीर, धड, स्वभाव, मन व बुद्धी अशा अर्थांनीही येतो. अमरकोशाने त्याच्या अर्थांत शरीर, बुद्धी, स्वभाव, धैर्य, प्रयत्न आणि ब्रह्म यांची नोंद केली आहे. एखाद्या वाक्यात 'आत्मानम्' किंवा 'आत्मनः' असे रूप आले की ते सर्वनाम समजायचे की तत्त्वाचे नाव, हा प्रश्न त्यामुळे केवळ शब्दकोशाचा राहत नाही. उपनिषदे व भगवद्गीता यांच्यावरील भाष्यांतील अनेक मतभेद नेमके या प्रश्नावर उभे आहेत.

व्युत्पत्ती

यास्काच्या निरुक्तात 'आत्मन्' शब्दाचा संबंध 'अत्' (सतत जाणे) किंवा 'आप्' (व्यापणे) या धातूंशी जोडला आहे. उणादिसूत्रांच्या परंपरेने 'अत्' धातूचा पक्ष घेतला व त्याला 'मनिण्' प्रत्यय लावून शब्द सिद्ध केला. कठोपनिषदावरील शांकरभाष्यात एक जुना श्लोक उद्धृत केला आहे. त्यात व्यापणे, घेणे, विषयांचा उपभोग घेणे आणि अखंड असणे अशा चार क्रियांवरून हे नाव पडल्याचे सांगितले आहे. अशा व्युत्पत्ती आधुनिक अर्थाने भाषेचा इतिहास सांगत नाहीत. शब्दाच्या आधारे तत्त्वाचे स्वरूप उलगडणे हा त्यांचा हेतू असतो आणि त्या तशाच वाचाव्या लागतात.

तौलनिक भाषाशास्त्रात 'आत्मन्' हा 'श्वास' या अर्थाच्या प्राचीन भारत-युरोपीय शब्दाचा वंशज मानला जातो. जर्मन भाषेतील श्वासवाचक 'आटेम' हा शब्द त्याच कुळातला आहे. 'ॲटमॉस्फिअर' या शब्दातील ग्रीक 'आत्मोस' (वाफ) ध्वनीने जवळचा वाटला, तरी त्याचे मूळ वेगळे धरले जाते. 'ॲटम' या शब्दाशी तर काहीच संबंध नाही. तो 'न कापता येणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. लोकप्रिय लेखनात हे दोन्ही शब्द 'आत्म्या'शी वारंवार जोडले जातात.

विभक्तिरूपे

'आत्मन्' चालवताना त्याची तीन अंगे दिसतात. काही रूपांत 'आत्मान्' असे दीर्घ अंग येते, स्वरादी प्रत्ययांपूर्वी 'आत्मन्' राहते आणि 'भ' किंवा 'स' ने सुरू होणाऱ्या प्रत्ययांपूर्वी 'न्' लोप पावून 'आत्म' उरते. रूपे एकवचन, द्विवचन व बहुवचन या क्रमाने पुढीलप्रमाणे आहेत.

प्रथमा : आत्मा, आत्मानौ, आत्मानः
द्वितीया : आत्मानम्, आत्मानौ, आत्मनः
तृतीया : आत्मना, आत्मभ्याम्, आत्मभिः
चतुर्थी : आत्मने, आत्मभ्याम्, आत्मभ्यः
पंचमी : आत्मनः, आत्मभ्याम्, आत्मभ्यः
षष्ठी : आत्मनः, आत्मनोः, आत्मनाम्
सप्तमी : आत्मनि, आत्मनोः, आत्मसु
संबोधन : आत्मन्, आत्मानौ, आत्मानः

'राजन्' हा शब्दही नकारान्त पुल्लिंगीच आहे, पण त्याची तृतीया 'राज्ञा' होते. 'जन्' मधील अकार तेथे नाहीसा होतो. त्याच न्यायाने 'आत्मन्' चे रूप करू गेल्यास त्, म् आणि न् अशी तीन व्यंजने एकत्र येतील व उच्चार अवघड होईल. वकार किंवा मकार शेवटी असलेल्या जोडाक्षरानंतर हा अकारलोप होत नाही, असा अपवाद पाणिनीने अष्टाध्यायीत (६.४.१३७) सांगितला आहे. म्हणून 'आत्मना', आणि त्याच नियमाने 'ब्रह्मन्' चे 'ब्रह्मणा'. विद्यार्थ्यांची चूक बहुधा येथेच होते. दुसरी नेहमीची चूक 'आत्मनः' या रूपाची. हे एकच रूप द्वितीया बहुवचन, पंचमी एकवचन आणि षष्ठी एकवचन अशा तीन ठिकाणी येते, त्यामुळे अर्थ वाक्यावरूनच ठरवावा लागतो.

ऋग्वेदात 'त्मन्' असे आखूड रूपही आढळते. 'त्मना' हे त्याचे सर्वांत वारंवार येणारे रूप असून ते 'स्वतः, आपणहून' अशा अर्थी जवळजवळ क्रियाविशेषणासारखे वापरले आहे. मंत्रांमध्ये तृतीया एकवचनाच्या प्रत्ययापूर्वी 'आत्मन्' च्या आरंभीच्या स्वराचा लोप होतो, असे पाणिनीने स्वतंत्र सूत्रात (६.४.१४१) नोंदवले आहे. 'स्वतः' हा अर्थ उत्तरकाळी नव्याने चिकटलेला नाही, हे या रूपावरून दिसते; वाङ्मयाच्या सर्वांत जुन्या थरातच तो आहे.

आत्मवाचक उपयोग

अभिजात संस्कृतात 'स्वतःला', 'स्वतःचा', 'स्वतःकडून' असे म्हणायचे असता 'आत्मन्' ची एकवचनी पुल्लिंगी रूपे वापरतात. कर्ता स्त्रीलिंगी असो वा बहुवचनी असो, रूप सहसा बदलत नाही. 'सा आत्मानं निन्दति' म्हणजे ती स्वतःला दोष देते. 'ते आत्मानं रक्षन्ति' म्हणजे ते स्वतःचे रक्षण करतात. या वाक्यांत कोणतेही तत्त्वज्ञान नाही. पहिल्या वाक्याचे भाषांतर 'ती आत्म्याची निंदा करते' असे केले तर वाक्य विनाकारण गूढ होते. संस्कृत नाटके व कथा यांच्या मराठी भाषांतरांत हा दोष अधूनमधून दिसतो.

व्याकरणातील 'आत्मनेपद' व 'परस्मैपद' या संज्ञा याच उपयोगातून आल्या आहेत. 'आत्मने' ही चतुर्थी आहे : स्वतःसाठी असलेले पद ते आत्मनेपद, दुसऱ्यासाठी असलेले ते परस्मैपद. समासात विभक्तिप्रत्यय सामान्यतः गळतो, पण या दोन संज्ञांत चतुर्थी तशीच राहते आणि त्यासाठीही अष्टाध्यायीत खास नियम (६.३.७ व ६.३.८) आहेत. उभयपदी धातूंबाबत क्रियेचे फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद वापरावे, असे पाणिनी सांगतो (१.३.७२). ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', आणि यजमान स्वतःच्या फळासाठी करतो तेव्हा 'यजते'. स्वयंपाकी 'पचति', स्वतःपुरते शिजवणारा 'पचते'. साहित्यात हा भेद पुढे सैल झाला, आणि 'लभते', 'सेवते' यांसारख्या धातूंना दुसरा पर्यायच नाही. तरी मूळ कल्पना स्पष्ट आहे : क्रियेचे फळ शेवटी कोणाकडे जाते, याची नोंद क्रियापदाच्या रूपातच व्हावी.

वैदिक वाङ्मयातील अर्थ

ऋग्वेदात 'आत्मन्' शब्दाचा वाऱ्याशी निकट संबंध आहे. वायूला देवांचा आत्मा म्हटले आहे. अंत्यसंस्काराच्या सूक्तात (१०.१६) मृताच्या डोळ्याने सूर्याकडे व आत्म्याने वाऱ्याकडे जावे, अशी प्रार्थना आहे. येथे 'आत्मा' म्हणजे श्वास, हे उघड आहे : डोळा ज्या प्रकाशाचा त्या प्रकाशाकडे, आणि श्वास ज्या वाऱ्याचा त्या वाऱ्याकडे. दुसरीकडे सूर्याला चराचराचा आत्मा म्हणणारी ऋचाही (१.११५.१) आहे. औषधींच्या सूक्तात (१०.९७) तर यक्ष्मा या रोगालाही आत्मा आहे, आणि औषधी हाती घेताच तो नाहीसा होतो असे म्हटले आहे. एखाद्या गोष्टीचा जिवंतपणा, तिचे मर्म, असा व्यापक अर्थ येथे तयार होताना दिसतो. मात्र रोगाचा आत्मा नष्ट होऊ शकतो. आत्मा स्वभावतःच अविनाशी, हा विचार त्या शब्दात अजून शिरलेला नाही.

ब्राह्मणग्रंथांत आणखी एक अर्थ ठळक होतो, तो म्हणजे धड. पक्ष्याच्या आकाराच्या अग्निवेदीचे डोके, पंख व शेपूट वगळून उरणारा मधला भाग म्हणजे तिचा 'आत्मा'. तैत्तिरीय उपनिषदाच्या दुसऱ्या वल्लीत हीच प्रतिमा घेतली आहे. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय व आनंदमय असे एकात एक असलेले पाच पुरुष तेथे वर्णिले आहेत. प्रत्येकाला डोके, उजवा पंख, डावा पंख, आत्मा आणि शेपूट आहे, आणि शिवाय प्रत्येक आतला पुरुष हा बाहेरच्याचा आत्मा आहे. एकाच उताऱ्यात 'आत्मा' कधी धड आहे तर कधी आतले तत्त्व. शब्द स्थूलाकडून सूक्ष्माकडे कसा सरकला, ते इतक्या थोड्या जागेत इतरत्र क्वचितच पाहायला मिळते.

'अध्यात्म' या शब्दाचा प्रवासही असाच झाला. उपनिषदांत एखादा विषय दोन अंगांनी सांगण्याची पद्धत आहे : देवतांच्या संदर्भात 'अधिदैवत' आणि व्यक्तीच्या देहेंद्रियांच्या संदर्भात 'अध्यात्म'. सूर्य हे अधिदैवत, तर डोळा हे अध्यात्म. आज 'अध्यात्म' म्हणजे देहापलीकडचे असे समजले जाते; आरंभी त्यात देह आणि इंद्रियेच मुख्य होती.

उपनिषदांतील प्रश्न : सर्वनाम की तत्त्व?

बृहदारण्यकोपनिषदाच्या पहिल्या अध्यायात, आरंभी पुरुषाच्या आकाराचा आत्माच काय तो होता, त्याने आजूबाजूला पाहिले, स्वतःवाचून दुसरे काही दिसले नाही, आणि त्याने प्रथम 'मी आहे' असे उच्चारले, अशी कथा आहे. 'अहम्' हे नाव त्यावरून पडले, आणि म्हणूनच आजही हाक मारली असता मनुष्य आधी 'मी' म्हणतो व मग आपले दुसरे नाव सांगतो, असे उपनिषद पुढे म्हणते. आत्मवाचक शब्द आणि प्रथमपुरुषी सर्वनाम यांचा संबंध येथे उपनिषदानेच मांडला आहे.

याहून कसोटीचा उतारा म्हणजे याज्ञवल्क्य व मैत्रेयी यांचा संवाद. बृहदारण्यकात तो दोनदा (२.४ व ४.५) आला आहे. घर सोडून जाण्यापूर्वी याज्ञवल्क्य आपली मालमत्ता दोन पत्नींत वाटू पाहतो. त्या धनाने अमृतत्व मिळेल का, असे मैत्रेयी विचारते, आणि मिळणार नाही असे उत्तर मिळताच ती त्याच्याकडे ज्ञान मागते. त्यावर याज्ञवल्क्य पती, पत्नी, पुत्र, धन अशी एकेक प्रिय गोष्ट घेऊन सांगतो की ती तिच्यासाठी प्रिय नसते, 'आत्मन्' साठी प्रिय असते. मुळात येथे 'आत्मनः' ही षष्ठी आहे. सर्वनाम म्हणून वाचली तर विधान असे होते : माणूस दुसऱ्यावर प्रेम करतो ते स्वतःच्या सुखासाठी. हे मानवी स्वभावाचे रोखठोक, काहीसे कठोर निरीक्षण ठरते. तत्त्वाचे नाव म्हणून वाचली तर अर्थ उलटतो : पतीत, पुत्रात जे प्रिय वाटते ते सर्वांतील एकच आत्मतत्त्व. लगेच पुढे, या आत्म्याचे दर्शन, श्रवण, मनन व निदिध्यासन करावे असा उपदेश येतो. तो केवळ 'स्वतः' या सर्वनामाबद्दल असू शकत नाही.

पहिल्या वाचनातून दुसऱ्याकडे उडी कशी मारायची, हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. ब्रह्मसूत्रांत (१.४.१९ ते २२) त्यासाठी वेगळे अधिकरण आहे. ज्याला पती-पुत्र प्रिय आहेत तो भोगणारा जीवच असणार, तेव्हा उपदेशातला आत्माही जीवच, असा पूर्वपक्ष तेथे मांडला जातो. एकूण वाक्याचा रोख पाहता तो परमात्मा आहे, असा सिद्धान्त आहे. मग जीवापासून आरंभ का केला? याची तीन आचार्यांची तीन उत्तरे सूत्रांत नोंदलेली आहेत. आश्मरथ्याच्या मते जीव व ब्रह्म यांच्यातील अभेदाचे ते चिन्ह आहे. औडुलोमीच्या मते देह सोडून जाणारा जीव पुढे ब्रह्माशी एक होणार आहे म्हणून. आणि काशकृत्स्नाच्या मते परमात्माच जीवरूपाने राहिला आहे म्हणून. शंकराचार्य व रामानुजाचार्य हे दोघेही काशकृत्स्नाचा पक्ष सूत्रकाराचा मानतात. मात्र शंकराचार्य त्यातून जीव व ब्रह्म यांचे ऐक्य काढतात, तर रामानुजाचार्य परमात्मा जीवाच्या आत अंतर्यामी म्हणून राहतो असा अर्थ करतात. एका षष्ठी एकवचनापासून निघालेली वाट येथपर्यंत येते.

छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपला मुलगा श्वेतकेतू याला नऊ वेळा जो उपदेश करतो, त्यातही रूपांचा प्रश्न आहे. 'आत्मा' पुल्लिंगी आहे, श्वेतकेतूही पुरुष आहे, पण महावाक्यातले दर्शक सर्वनाम 'तत्' हे नपुंसकलिंगी आहे. अद्वैतपरंपरा ते अध्यायाच्या आरंभी आलेल्या नपुंसकलिंगी 'सत्' कडे नेते. हा 'आत्मा' येथे उद्देश्य नसून त्या सत् चेच वर्णन आहे, असे त्यामुळे म्हणता येते. मध्वाचार्यांच्या द्वैतपरंपरेने संधीचा आधार घेऊन वाक्य निराळे फोडले. 'आत्मा तत्' आणि 'आत्मा अतत्' हे दोन्ही सलग म्हटले असता 'आत्मातत्' असेच ऐकू येते. दुसऱ्या पदच्छेदाने मात्र 'तू ते नाहीस' असा नेमका विरुद्ध अर्थ निघतो. जोएल ब्रेरेटन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात तिसरा मार्ग सुचवला. ब्राह्मणग्रंथांच्या गद्यातील वाक्यरचना पाहता येथे 'तत्' हे विशिष्ट वस्तूचे सर्वनाम नसून 'त्या प्रकारे' असा त्याचा अर्थ असावा, असे त्याचे म्हणणे आहे. पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्या उपनिषदांच्या इंग्रजी भाषांतरात हे वाचन स्वीकारले आहे.

भगवद्गीतेतील उपयोग

देह बदलला तरी न बदलणारा आत्मा, हा विचार सामान्य वाचकाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून परिचित असतो. परंतु त्या अध्यायातील ११ ते ३० या श्लोकांत 'आत्मन्' हा शब्द येत नाही. तेथे 'देही' व 'शरीरी' हे शब्द आहेत, किंवा नुसती 'हा', 'याला' अशा अर्थाची सर्वनामे. 'देहिन्' आणि 'शरीरिन्' हे 'इन्' प्रत्ययाने झालेले शब्द असून धनिन् म्हणजे धन असलेला, तसा देहिन् म्हणजे देह असलेला. देह ही जवळ असलेली वस्तू आणि ती बाळगणारा वेगळा, हा भेद प्रत्ययानेच केलेला आहे. 'आत्मन्' शब्दाने तो इतका स्वच्छ झाला नसता, कारण त्याच्या अर्थांत देहही येतो.

सहाव्या अध्यायात उलट चित्र आहे. पाचव्या श्लोकात आत्मना, आत्मानम्, आत्मा, आत्मनः ही रूपे मिळून सात वेळा आली आहेत. स्वतःच स्वतःला वर काढावे, माणूस स्वतःच स्वतःचा मित्र व स्वतःच शत्रू, असा सरळ आत्मवाचक अर्थ तेथे पुरेसा आहे. रामानुजाचार्य मात्र 'आत्मना' चा अर्थ 'मनाने' असा करतात. विषयांत न गुंतलेल्या मनाने आत्म्याचा उद्धार करावा, हे त्यांचे वाचन. तेराव्या अध्यायात (काही आवृत्त्यांत २४ वा, काहींत २५ वा श्लोक) आत्मनि, आत्मानम् व आत्मना अशी तीन विभक्तींची रूपे जवळजवळ येतात. शंकराचार्यांच्या मते तेथे 'आत्मनि' म्हणजे बुद्धीमध्ये, आणि 'आत्मना' म्हणजे ध्यानाने शुद्ध झालेल्या अंतःकरणाने. रामानुजाचार्यांच्या मते 'आत्मनि' म्हणजे शरीरात, आणि 'आत्मना' म्हणजे मनाने. पाहायचा तो आत्मा याविषयी वाद नाही. कुठे आणि कशाने पाहायचे, एवढ्यासाठी एकाच शब्दाला बुद्धी, शरीर आणि मन असे अर्थ द्यावे लागले आहेत. कोशांतील अर्थांची गर्दी प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दर्शनांतील मते

न्याय-वैशेषिक दर्शनात आत्मा हे ९ द्रव्यांपैकी एक द्रव्य आहे. तो सर्वव्यापी व अनेक असून ज्ञान हा त्याचा गुण आहे, स्वरूप नव्हे. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख व ज्ञान ही त्याची अनुमापक चिन्हे न्यायसूत्रांत दिली आहेत. सांख्यांनी 'पुरुष' ही संज्ञा पसंत केली. त्यांचे पुरुष अनेक असून ते केवळ पाहणारे आहेत, कर्ते नाहीत. मीमांसकांना कर्ता व भोक्ता आत्मा हवा असतो, कारण त्यावाचून यज्ञाचे फळ पुढे मिळण्याला आधार राहत नाही. चार्वाकांनी चैतन्ययुक्त देहापलीकडे काही मानले नाही.

वेदान्तातील वाद पुन्हा सर्वनामापाशी येतो. 'मी' या शब्दाने ज्याचा बोध होतो, तोच आत्मा का? अद्वैतमतानुसार 'मी जाणतो', 'मी सुखी' यांतला 'मी' म्हणजे अंतःकरणाची अहंकार ही वृत्ती असून, तिला प्रकाशित करणारे निर्विषय चैतन्य तो आत्मा. म्हणून 'आत्मानः' हे बहुवचन त्यांच्या दृष्टीने व्यवहारापुरते खरे. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात याचा जोरदार प्रतिवाद केला आहे. 'अहम्' चा अर्थ हाच आत्मा, तो मोक्षातही नाहीसा होत नाही. मोक्षात 'मी' च उरणार नसेल तर तो मोक्ष मिळवण्याची इच्छा कोण करील, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यांच्या मते जीव अणुपरिमाण व अनेक असून ईश्वराचे शरीर आहेत. मध्वाचार्य जीव व ईश्वर यांच्यातील भेद नित्य मानतात.

शब्दाचे लिंग पुल्लिंगी असले तरी तत्त्वाला लिंग नाही, हे श्वेताश्वतरोपनिषदाने स्पष्ट केले आहे : तो स्त्री नाही, पुरुष नाही आणि नपुंसकही नाही. 'ब्रह्मन्' नपुंसकलिंगी, 'आत्मन्' पुल्लिंगी आणि 'चिति' स्त्रीलिंगी असूनही ही नावे एकाच तत्त्वाला लावली जातात, यात संस्कृत वाचकाला विसंगती वाटत नाही.

बौद्ध व जैन परंपरा

पाली भाषेत 'आत्मन्' चे रूप 'अत्ता' असे होते. नित्य, स्वतंत्र आत्मा नाही, असा 'अनत्ता' सिद्धान्त बौद्धांनी मांडला. तरी 'स्वतः' या अर्थाचा 'अत्ता' त्यांनी सोडला नाही. धम्मपदाच्या १२ व्या वर्गाचे नावच 'अत्तवग्ग' असून त्यात स्वतःवर ताबा मिळवण्याचा उपदेश आहे. यात अंतर्विरोध पाहणारे वाचक सर्वनाम व तत्त्व यांची गल्लत करतात. नकारार्थी रूपाचे अर्थही संदर्भाने बदलतात. बौद्धांचे 'अनात्मन्' हे आत्म्याचा अभाव सांगते, वेदान्तात 'अनात्मा' म्हणजे देह, इंद्रिये इत्यादी आत्म्याहून निराळे सर्व काही, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात 'अनात्मन्' म्हणजे ज्याने स्वतःला जिंकलेले नाही असा मनुष्य.

जैन ग्रंथांत 'जीव' ही संज्ञा मुख्य आहे, पण अर्धमागधीतील 'आया' हे 'आत्मा' चेच रूप आहे. जैनमतानुसार जीव ज्या देहात असतो त्या देहाएवढा होतो : मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा.

समास व साधित शब्द

समासाच्या आरंभी 'आत्मन्' चा 'न्' जातो : आत्मज्ञान, आत्मचरित्र, आत्मविश्वास, आत्मघात, आत्मज. या बहुतेकांत अर्थ 'स्वतः' असाच आहे. आत्मचरित्रात आत्म्याची नव्हे, स्वतःची हकीकत असते. 'आत्मज' (मुलगा) मध्ये देह हा जुना अर्थ जिवंत आहे. समासाच्या शेवटी असलेल्या शब्दांत बाह्य रूप सारखे असूनही घडण निराळी असते. 'परमात्मा' हा कर्मधारय आहे, म्हणजे परम असा आत्मा. 'महात्मा' हा बहुव्रीही, म्हणजे ज्याचा आत्मा महान आहे असा मनुष्य, आणि तेथे 'आत्मा' म्हणजे मन किंवा स्वभाव. 'दुरात्मा' चीही तीच घडण. महाराष्ट्रात ही उपाधी जोतीराव फुले यांना १८८८ साली मुंबईतील सभेत दिली गेली.

'साति' प्रत्ययाने 'आत्मसात्' होते. एखादी वस्तू पूर्णपणे स्वतःची करणे असा त्याचा अर्थ. 'तादात्म्य', 'ऐकात्म्य', 'आत्मीय', 'आध्यात्मिक' हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत की त्यांतील मूळ शब्द वेगळा जाणवत नाही. वर्णनात्मक, भावनात्मक यांतला '-आत्मक' तर आता निव्वळ प्रत्ययासारखा वापरला जातो.

प्राकृत व मराठी

'आत्मन्' मधील 'त्म' या जोडाक्षराची प्राकृतांत दोन रूपे झाली : 'त्त' आणि 'प्प'. गिरनार येथील अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'स्वतःचा' या अर्थी 'आत्प' असे मधले रूप आढळते. माहाराष्ट्री प्राकृतात 'अप्पा' व 'अप्पाण' ही रूपे येतात, आणि 'त्म' चा हा विकल्प हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवला आहे. याच वाटेने मराठीत 'आपण', 'आपला', 'आपोआप', 'आपसात' हे शब्द आले. हिंदीतील 'आप' व 'अपना', गुजरातीतील 'आपणे' आणि बंगालीतील 'आपनि' ही त्यांची भावंडे होत.

मराठीत अशा प्रकारे एकाच मूळ शब्दाचे दोन वारस आहेत. 'आत्मा' हा तत्सम शब्द तत्त्वाचा अर्थ सांभाळतो, तर 'आपण' या तद्भवाने सर्वनामाचा अर्थ घेतला आणि वाढवला. 'तो आपण होऊन आला' येथे 'आपण' आत्मवाचक आहे. 'आपण उद्या जाऊ' येथे तो बोलणारा व ऐकणारा दोघांना सामावून घेतो; 'आम्ही' मध्ये ऐकणारा येत नाही. 'आपण बसावे' येथे तो आदरार्थी द्वितीय पुरुष आहे. संस्कृतात जो संभ्रम एका शब्दात होता, तो मराठीत दोन शब्दांमुळे बराच मिटला. ज्ञानेश्वरीत मात्र दोन्ही धागे पुन्हा जवळ आणलेले दिसतात. पहिल्याच ओवीत आद्य तत्त्वाला 'आत्मरूप' म्हणून वंदन आहे, आणि पुढे स्वस्वरूप या अर्थी 'आपणपें' हा शब्द वारंवार योजला आहे. गीतेचा अर्थ देशी भाषेत उतरवताना ज्ञानेश्वरांच्या हाती तत्सम व तद्भव अशी दोन्ही साधने होती.

मराठीत 'आत्मा' हे आकारान्त पुल्लिंगी नाम म्हणून चालते : आत्म्याने, आत्म्याला, आत्म्याचा, अनेकवचन आत्मे. समासात संस्कृत घडण कायम राहते, म्हणून 'आत्मज्ञान' बरोबर, 'आत्माज्ञान' नव्हे. बोलीत शब्दाचा अर्थ बराच सैल झाला आहे. 'भटकता आत्मा' म्हणजे पिशाच. मृताच्या 'आत्म्यास शांती लाभो' या नेहमीच्या वाक्यातला आत्मा म्हणजे देह सोडून गेलेला जीव. वेदान्तातील आत्मा स्वभावतःच शांत असल्याने त्याला हे वाक्य लागू पडत नाही. मरणोत्तर विधींच्या परिभाषेत तर 'प्रेत' आणि 'पितर' हे वेगळेच शब्द आहेत.

भाषांतरातील अडचणी

फ्रीड्रिख मॅक्स म्युलर यांनी उपनिषदांच्या इंग्रजी भाषांतरात (१८७९ व १८८४) 'आत्मन्' साठी 'सोल' ऐवजी 'सेल्फ' हा शब्द मोठ्या आद्याक्षराने वापरला, आणि ती पद्धत पुढे रूढ झाली. 'सेल्फ' मुळे सर्वनामाशी असलेले नाते टिकते, ही त्याची जमेची बाजू. मोठे आद्याक्षर की लहान, हा निर्णय मात्र प्रत्येक वाक्यात भाषांतरकाराला घ्यावा लागतो. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे मूळ वाक्यात जे मोकळे आहे ते इंग्रजीत बंद होते. मराठी भाषांतरकारापुढे 'आत्मा', 'स्वतः', 'आपण', 'मन' व 'जीव' असे पर्याय असतात. मैत्रेयीच्या संवादात 'आत्म्यासाठी' लिहिले तर निरीक्षणाची धार जाते, आणि 'स्वतःसाठी' लिहिले तर पुढच्या उपदेशाशी सांधा जुळत नाही. काही भाषांतरकार अशा ठिकाणी 'आत्मा' हाच शब्द ठेवून दुसरा अर्थ तळटीपेत देतात.